सर्वांत मोठा आकडा शोधावा कसा?

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की कोल्हापुरात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांची तुलना हटकून सुरू होते. अशा तुलनेसाठी संगणक प्रत्येक वेळी सगळ्या नोंदी चाळतो, असा समज आहे. पण त्याला तसे करावेच लागते असे नाही.

समजा, अनेक बंधाऱ्यांवरील पाणीपातळीच्या १० लाख नोंदी एका तक्त्यात आहेत. एसक्यूएल या तक्त्यांतील माहिती विचारण्याच्या भाषेतील 'मॅक्स' फंक्शनला 'बंधारा राजाराम' ही अट जोडली, की तेवढ्याच नोंदींतील सर्वाधिक पातळी मिळते. इंडेक्स, म्हणजे नोंदींची क्रमाने लावलेली सूची, नसेल, तर त्यासाठी खरोखरच सगळा तक्ता वाचावा लागतो. बंधारा आणि पातळी या क्रमाने इंडेक्स केलेला असेल, तर मात्र बी-ट्री ही देखणी रचना कामाला येते. ती रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७० च्या सुमारास बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत मांडली. तिच्या प्रत्येक पानावर १०० नोंदी किंवा खालच्या १०० पानांचे पत्ते मावतात असे धरले, तर तीन पायऱ्यांत १००×१००×१००, म्हणजे १० लाख नोंदी बसतात. राजारामच्या नोंदी तिथे सलग आणि पातळीच्या चढत्या क्रमाने असल्यामुळे त्यांतली शेवटची नोंद हेच उत्तर असते आणि तिथवर पोहोचायला जेमतेम तीन पाने वाचावी लागतात. क्रम राखण्याचे कष्ट प्रत्येक नवी नोंद घालतानाच घेतलेले असतात.

फूट-इंच दशांश चिन्हाने लिहिण्याची सवय मात्र इथे घात करते. ५५ फूट १० इंच हे '५५.१०' असे लिहिले, तर फंक्शन ते ५५.१ समजते आणि ५५ फूट ७ इंचांच्या '५५.७' ला मोठे ठरवते. सगळी पातळी इंचांत ठेवली, तर ६७० आणि ६६७ यांत गोंधळ उरत नाही. अटीत बसणारी एकही नोंद नसेल, तर एसक्यूएल रिकामे मूल्य देते, पण एक्सेलमधील अटीसह सर्वाधिक आकडा शोधणारे 'मॅक्सइफ्स' शून्य देते. ते शून्य नदीची पातळी म्हणून आलेखात शिरू शकते.

जुना उच्चांक हीच पुराची कमाल मर्यादा मानणारेही चुकतात, कारण 'मॅक्स'ला फक्त झालेल्या नोंदी ठाऊक असतात.

शिवाय हे फंक्शन आकडा देते, त्याची तारीख देत नाही. तारीख हवी असल्यास मिळालेला आकडा पुन्हा त्याच अटीसह तक्त्याशी ताडून पाहावा लागतो, आणि तीच पातळी दोन दिवशी नोंदली गेली असेल, तर दोन्ही तारखा समोर येतात.