पबमधील भुते (इंग्लंड)

पबमधील भुते : इंग्लंडमधील जुन्या पबांशी निगडित भूतकथांचा लोकपरंपरेतील एक गट. पब चालविणारे कुटुंब पुष्कळदा त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहते; त्यामुळे या कथा गुत्त्याच्या कमी आणि घराच्या जास्त असतात. जिन्यावरची पावले, तळघरात आपोआप बंद झालेला नळ, एखाद्याच खोलीत शिरायला नकार देणारे कुत्रे हे त्यांतील नेहमीचे प्रसंग. पब दुसऱ्या कुटुंबाकडे गेला, तरी भूत मागे राहते. आपल्याकडचा मुंजा पिंपळ धरून बसतो, तसे हे भूत वास्तू धरून असते.

या गटातील सर्वांत वादग्रस्त कथा स्लावजवळच्या कोलनब्रुक येथील ‘ऑस्ट्रिच’ या पबची आहे. मालक जारमन व त्याची बायको श्रीमंत प्रवाशाला ठरावीक खोलीत झोपवीत. रात्री खिट्टी काढली की खाटेसह जमीन खाली कलंडे आणि प्रवासी उकळत्या कढईत पडे, असे ही कथा सांगते. साठावा बळी रेडिंगचा कापडव्यापारी टॉमस कोल. त्याचा घोडा मोकळा भटकताना सापडला आणि बिंग फुटले. याचा जुना लिखित आधार टॉमस डेलोनी याचे टॉमस ऑफ रेडिंग हे गद्यकथानक असून ते 1600 च्या सुमाराचे मानले जाते. उपलब्ध जुनी आवृत्ती 1612 ची आहे. मात्र डेलोनीच्या पथिकाश्रमाचे नाव ‘क्रेन’ (क्रौंच) आहे. क्रेनचेच पुढे ऑस्ट्रिच (शहामृग) झाले असे काही मानतात. दुसऱ्या मतानुसार ऑस्ट्रिच हा धर्मशाळा या अर्थाच्या ‘हॉस्पिस’चा अपभ्रंश आहे आणि त्याचा संबंध मायलो क्रिस्पिन या नॉर्मन सरदाराने 1106 च्या सुमारास दिलेल्या दानाशी जोडला जातो. ही व्युत्पत्ती आकर्षक खरी, पण सध्याची इमारत साधारणतः सोळाव्या शतकातील आहे. कोलच्या मृत्यूवरून गावाचे नाव पडले, हा डेलोनीचा खुलासाही शब्दखेळच दिसतो. कथानकच नंतर एका वास्तूला चिकटले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

दरोडेखोर डिक टर्पिनचे (1705–1739) भूत अनेक पबांत दाखवितात. त्याचा बाप एसेक्समधील हेम्पस्टेड येथे खाटीक व पबमालक होता. लंडनच्या हॅम्पस्टेडमधील ‘स्पॅनियर्ड्‌स इन’ त्याच्यावर हक्क सांगतो, त्यामागे नामसादृश्याचा घोटाळा असणे शक्य आहे. लंडनच्याच ‘ग्रेनेडियर’मधील भूत पत्त्यांत लबाडी केली म्हणून मारल्या गेलेल्या सैनिकाचे सांगतात. त्याचे देणे फिटावे म्हणून गिऱ्हाइके छताला नोटा चिकटवितात.

पबांनाच भुते इतकी का, याला एक व्यावहारिक कारण संभवते. अपमृत्यूची चौकशी पूर्वी सर्रास पबमध्ये होई आणि प्रेतही अनेकदा तेथेच, एखाद्या पडवीत वा तळघरात, ठेवीत. 1902 च्या परवाना कायद्याने या प्रथेला आळा घातला. भुताची खूण मानल्या जाणाऱ्या तळघरातील गारव्याचेही नवल नाही. पिंपातील एल बियर सुमारे 11 ते 13° से. तापमानातच ठेवतात.

बोल्टन येथील ‘मॅन अँड साइद’ पबमध्ये सातवा अर्ल (उमराव) ऑफ डर्बी जेम्स स्टॅन्ली याची खुर्ची दाखवितात. त्याचा 15 ऑक्टोबर 1651 रोजी त्याच गावात शिरच्छेद झाला. 2014 मध्ये या पबच्या सीसीटीव्हीत एक अस्पष्ट आकृती दिसल्याची बातमी पसरली, आणि ती अर्लचीच ठरविली गेली.