पंखातला पंखा: निम्मी उचल काठाची

उडत्या टॅक्सीच्या चित्रांत हल्ली विमानाच्या पंखालाच गोल भोक पाडून आत पंखा बसवलेला दिसतो. खाली लिहिलेलं असतं, ‘पंखा हवा खाली ढकलतो, विमान वर जातं.’ खरं आहे, पण अर्धंच. अगदी हिशेबानं अर्धं.

विमान एका जागी तरंगतंय आणि झोत बाहेर पडताना पसरत-आकसत नाही असं धरू. दर सेकंदाला खाली जाणाऱ्या हवेच्या वस्तुमानाला तिच्या वेगानं गुणलं की एकूण उचल मिळते: घनता × क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग. आता पाती बघा. वरच्या स्थिर हवेला तो वेग द्यायला बर्नुलीच्या नियमानुसार (हवेचा वेग वाढला की दाब उतरतो) पात्यांनी दाब वाढवायचा तो घनता × वेगाचा वर्ग ÷ २ एवढाच. त्याला क्षेत्रफळानं गुणलं की निम्मीच उचल हाती लागते! उरलेली निम्मी भोकाच्या गोलसर काठाची. चहूबाजूंनी ओढली जाणारी हवा काठावरून वळताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि पंखाचा पत्राच वर खेचला जातो. काठ धारदार असेल तर हवा पृष्ठभाग सोडते आणि हा फायदा बुडतो.

अमेरिकन लष्करासाठी रायन कंपनीनं बनवलेलं एक्सव्ही-५ए हे असंच विमान १९६४ मध्ये उडालं. दोन्ही पंखांत सुमारे १.६ मीटर व्यासाचे पंखे, नाकात एक छोटा. दोन जेट इंजिनांचा तप्त झोत पंख्यांच्या परिघावरच्या टर्बाइन पात्यांवर सोडायचा. उचल इंजिनांच्या थेट जोराच्या जवळपास तिप्पट!

विमान पुढे सरकू लागलं की मात्र तोच काठ त्रास देतो. समोरची हवा भोकात शिरायला काटकोनात वळते. पुढच्या काठावर ओढ वाढते, मागच्यावर हवा आपटते आणि नाक वर उठू लागतं. ते सावरायला नाकातला पंखा. शिवाय आत घेतलेली सगळी हवा विमानाच्या वेगावर आणावी लागते, तो रोध वेगळाच. म्हणून पुरेसा वेग आला की भोकांवरच्या झडपा मिटून इंजिनांचा झोत मागे वळवायचा.

‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या संस्कृत ग्रंथात हे आधीच आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी: बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्या ग्रंथातल्या विमानांच्या आकृत्या तपासल्या. त्यातल्या ‘रुक्म’ नावाच्या विमानात वरून हवा ओढणारे पंखे आहेत, पण एकही विमान उडण्याजोगं नाही आणि ग्रंथही विसाव्या शतकातला, असं त्यांनी दाखवून दिलं.

एवढा मोठा पंखा पंखात बसवायचा तर इंधनाची आणि सांगाड्याची जागा जाते. एफ-३५बी या लढाऊ विमानात तो वैमानिकाच्या मागे, धडात बसवलाय.