देखाव्याचे गाव वणव्यात का टिकले नाही

9 नोव्हेंबर 2018 रोजी कॅलिफोर्नियातल्या अगोरा हिल्सजवळचे एक गाव जळून गेले. त्यात कुणी राहत नव्हते. शेरीफची कचेरी, दारूचा गुत्ता, लाकडी फळ्यांचा पदपथ हे सगळे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचा भास व्हावा म्हणून उभारलेले होते. पॅरामाउंट रँचवरचे हे ‘वेस्टर्न टाउन’, म्हणजे चित्रपटांचा सेट. पॅरामाउंट स्टुडिओने इथे 1927 साली 2,700 एकर जमीन घेतली होती. 1950 च्या दशकात विल्यम हर्ट्झ यांनी तिचा एक भाग विकत घेतला आणि स्टुडिओच्या जुन्या कोठारांना काउबॉयच्या काळातले रूप देऊन हे गाव वसवले. 1980 साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आले. काउबॉयपटांची लाट ओसरल्यावरही तिथले चित्रीकरण थांबले नाही. ‘डॉक्टर क्विन, मेडिसिन वुमन’ ही 1990 च्या दशकातली मालिका इथलीच.

हे गाव संपवणारा वूल्सी वणवा आदल्या दिवशी दुपारी सिमी टेकड्यांत सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने अनेक पदरी 101 महामार्ग ओलांडला आणि पुढे थेट प्रशांत महासागराचा किनारा गाठला. एकूण 96,949 एकर जमीन जळाली, 1,643 बांधकामे नष्ट झाली आणि तीन माणसे दगावली.

इतक्या वेगाचे श्रेय सांता आना वाऱ्यांना जाते. शरद ऋतूत नेवाडा आणि युटाच्या उंच पठारी प्रदेशावर जड हवेचा दाब वाढतो आणि ती हवा डोंगर उतरून समुद्राकडे निघते. खाली येताना ती दाबली जाते, आणि दाबली गेली की तापते: दर किलोमीटर उतरणीला साधारण 10 अंश सेल्सिअस. तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण हवा तापल्यामुळे सापेक्ष आर्द्रता (हवा धरू शकेल त्या वाफेच्या तुलनेत तिच्यात असलेली वाफ) दहा टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. अरुंद खिंडींतून जाताना तिचा वेगही वाढतो. वाळलेले गवत आणि बारीक काड्या अशा हवेत तासाभरात कोरड्या ठणठणीत होतात. पातळ लाकडी फळीलाही वाळायला फार वेळ लागत नाही.

इथे सेटचा खरा दुबळेपणा दिसतो. लाकूड थेट पेटत नाही. तापल्यावर ते आधी विघटित होते, त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि पेटतात ते हे वायू. मागे कोळशाचा थर उरतो, आणि तो उष्णता आत जाऊ देत नाही. म्हणून पूर्ण पेटलेल्या आगीतही मऊ जातीच्या लाकडात जळण्याची सीमा मिनिटाला जेमतेम 0.65 मिलिमीटर आत सरकते. 30 सेंटिमीटर जाडीची तुळई चारही बाजूंनी तासभर जळली तरी तिच्या गाभ्यात 20 सेंटिमीटरहून अधिक लाकूड शाबूत राहते. आता 2 सेंटिमीटरची फळी घ्या. दोन्ही बाजूंनी आग लागली तर पंधरा मिनिटांत तिच्यात जळायचे काही उरत नाही. चुलीत ढलप्या भुरकन पेटतात आणि ओंडका धुमसत राहतो, त्यातलाच हा प्रकार. चित्रपटाचा सेट म्हणजे बहुतांशी ढलप्याच. कॅमेऱ्याला समोरची बाजू हवी असते, मागची पोकळी त्याला दिसत नाही. त्यामुळे पृष्ठभाग भरपूर, वस्तुमान थोडे आणि आत हवा खेळायला मोकळी जागा.

पण मुळात आग तिथवर पोचते कशी? ज्वाळांची भिंत चाल करून येते आणि घर गिळते, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या उत्तरेकडे जंगल मुद्दाम पेटवून त्याच्यासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या. 10 मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या, 20 मीटरवरच्या पेटल्या नाहीत. शेंड्यांतून धावणारी ज्वाळा प्रखर असली तरी एका जागी फार वेळ थांबत नाही. घरांना मुख्य धोका असतो तो वाऱ्यावर उडणाऱ्या जळत्या ठिणग्यांचा. त्या किलोमीटरभर पुढे जाऊन पडतात. पदपथाच्या फटीत, पडवीखाली किंवा छपराच्या वळचणीत साचलेला पाचोळा त्यांना आयताच मिळतो. अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागातल्या वास्तुशैलीत या तिन्ही गोष्टी हमखास असतात! एकदा एक इमारत पेटली की खेटून उभी असलेली शेजारीण तिच्या उष्णतेनेच पेट घेते.

वेस्टर्न टाउनमधले रेल्वे स्थानक आणि चर्च मात्र वाचले. हे चर्च 2016 साली ‘वेस्टवर्ल्ड’ मालिकेसाठी बांधले होते, म्हणजे तिथल्या सर्वांत नव्या वास्तूंपैकी एक. ते मुख्य रस्त्यापासून बाजूला उभे होते, हे मला महत्त्वाचे वाटते. अर्थात एका चर्चवरून नियम सिद्ध होत नाही.

असे सेट वणव्याच्या वाटेवरच का असतात, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. लॉस एंजेलिसमधल्या एका चौकाभोवती 30 मैलांचे वर्तुळ आखलेले आहे. त्याच्या आत चित्रीकरण केले तर कलाकार-तंत्रज्ञांच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा जादा खर्च टळतो. या वर्तुळात मोकळे माळ आणि डोंगर हवे असतील तर सांता मोनिका डोंगर जवळचे, आणि तिथला खुरटा झाडोरा जळणाराच. शेजारच्या मालिबू क्रीक उद्यानात ‘मॅश’ मालिकेचा सेटही ऑक्टोबर 1982 मध्ये वणव्यात जळाला होता. तेव्हा शेवटच्या भागाचे काम चालू होते. लेखकांनी ती आग कथेतच घेतली.

रँचवरच्या ओक वृक्षांकडे या आगीला तोंड द्यायची तयारी आधीपासून होती. जाड सालीखाली सुप्त कळ्या असतात, पाने होरपळली तरी खोडावर नवी पालवी फुटते. काही झुडपे जमिनीतल्या गाठींतून पुन्हा वर येतात. पण दोन वणव्यांतले अंतर फार कमी झाले, तर केवळ बियांवर विसंबणाऱ्या झुडपांना बी धरायलाच वेळ मिळत नाही. त्यांची जागा परदेशी गवत घेते, आणि गवत आणखी सहज पेटते.

गाव पुन्हा उभारायचे राष्ट्रीय उद्यान सेवेने लवकरच जाहीर केले. माझ्या मते तिथे खऱ्या लाकडाचा हट्ट धरू नये. तंतुमय सिमेंटच्या फळ्यांवर लाकडाचे रेषे उठवता येतात, त्या पेट घेत नाहीत, आणि रंग दिल्यावर कॅमेऱ्याला फरक कळत नाही. इमारतींमध्ये अंतर ठेवावे, भिंतीलगतच्या दीड मीटर पट्ट्यात जळण्यासारखे काही नसावे. पदपथाखाली ठिणग्या शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावावी आणि वारा सुरू होण्याआधी तिथला पाचोळा काढावा.