सिंबा रडतोय का? रिमेक, आपला मेंदू आणि मधमाश्यांचं पोळं

माझी भाची सहा वर्षांची आहे आणि तिला 'लायन किंग' तोंडपाठ आहे. १९९४ चा, हातानं काढलेल्या चित्रांचा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी घरी त्याचा २०१९ चा रिमेक लावला. मुफासा दरीत पडतो, विल्डबीस्टचा कळप निघून जातो, धूळ खाली बसते आणि सिंबा बापाला ढोसून ढोसून उठवायला बघतो. जुन्या सिनेमात ही इथं दर वेळी रडते, म्हणून मी आधीच तिला जवळ ओढून घेतलं होतं. तर ती स्क्रीनकडे बोट करून म्हणाली, "मावशी, सिंबा रडतोय का?"

तिला खरंच कळत नव्हतं. मी परत मागे नेऊन बघितलं तर मलाही नीट कळेना, आवाज रडका आहे पण चेहरा बऱ्यापैकी तसाच. १९९४ च्या सिंबाला चित्रकारांनी माणसासारख्या भुवया दिल्या होत्या, थरथरणारे ओठ दिले होते, डोळ्यांत पाणी दिलं होतं. २०१९ च्या सिंबाला खऱ्या सिंहाचा चेहरा द्यायचा ठरलं आणि खरा सिंह काही भुवया उंचावून दुःख दाखवत नाही. (गंमत म्हणजे त्याच वर्षी कुत्र्यांवर एक अभ्यास आला होता, डोळ्यांच्या आतल्या बाजूची भुवई वर उचलणारा एक स्नायू पाळीव कुत्र्यांत ठळक असतो आणि त्यांच्या रानटी भाऊबंदांत, म्हणजे लांडग्यांत, जवळजवळ नसतोच. माणसाला ती केविलवाणी नजर आवडते म्हणून पिढ्यानपिढ्या तशीच कुत्री टिकली असावीत असं त्या संशोधकांना वाटतं. एवढी आपल्याला भुवयांची भाषा लागते!) त्या अख्ख्या सिनेमात कॅमेऱ्यानं खराखुरा टिपलेला शॉट एकच आहे, अगदी सुरुवातीचा सूर्योदय, हे दिग्दर्शक जॉन फॅव्हरोनं स्वतः सांगितलंय. बाकी सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, केस न् केस. इतकी अफाट मेहनत आणि हुशारी, आणि ती कशावर खर्च झाली तर पंचवीस वर्षांपूर्वी उत्तम सांगून झालेली गोष्ट त्याच क्रमानं पुन्हा सांगण्यावर. मला याचा मनापासून राग येतो.

पण त्या सिनेमानं जगभरात १६० कोटी डॉलरहून जास्त कमावले. म्हणजे लोक गेले, आपणच गेलो. २०२४ मध्ये जगात सगळ्यात जास्त चाललेले पहिले दहा हॉलिवूड सिनेमे काढून बघा, नऊ कुठल्या ना कुठल्या जुन्या सिनेमाचे पुढचे-मागचे भाग आणि दहावा रंगमंचावरच्या गाजलेल्या म्युझिकलवरून. पूर्ण नवी गोष्ट एकही नाही. स्टुडिओवाले लोभी आहेत एवढं म्हणून हे सुटत नाही, कारण लोभी ते पूर्वीही होतेच. आपल्या डोक्यात असं काय आहे की आपण पाहिलेलंच पुन्हा पाहायला पैसे देतो?

याचं एक उत्तर १९६८ सालचं आहे. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी अक्षरं आणि अनोळखी माणसांचे फोटो दाखवले, काही एकदाच, काही दहा वेळा, काही पंचवीस वेळा. मग विचारलं, या अक्षराचा अर्थ चांगला असेल की वाईट? जे अक्षर जास्त वेळा डोळ्यांखालून गेलं होतं त्याचा अर्थ चांगलाच असणार असं लोकांना वाटत होतं. बाकी काही कारण नाही, फक्त ओळख. १९८० मध्ये त्यानं एका सहकाऱ्याबरोबर याच्याही पुढचा प्रयोग केला, वेडेवाकडे अष्टकोन सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेच दाखवले. यातले कुठले पाहिलेत असं विचारल्यावर लोकांची उत्तरं छापा-काटा केल्यासारखी आली, पण कुठला आवडतो विचारल्यावर बोट जास्त करून पाहिलेल्याकडेच गेलं. म्हणजे पाहिल्याचं आठवतही नाही आणि आवड मात्र तयार झालेली! ओळखीची गोष्ट समजून घ्यायला मेंदूला कष्ट कमी पडतात आणि तो सोपेपणाच आपल्याला "छान आहे" असा जाणवतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

पण हे वाढतच जातं असं नाही. रॉबर्ट बॉर्नस्टीननं १९८९ मध्ये अशा दोनशेहून जास्त प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा दिसलं की साधारण दहा-वीस वेळांनंतर ही वाढ थांबते, आणि कंटाळा शिरला की आवड खालीही येते. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाचं याच्या आसपासचं म्हणणं असं होतं की अगदी ओळखीचं आपल्याला पकवतं, अगदी अनोळखी घाबरवतं आणि मजा मधे कुठेतरी असते.

आता वुल्फराम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाचं काम सांगते, कारण ते वाचल्यापासून मला ट्रेलर बघताना तेच आठवतं. माकडाच्या तोंडात फळांच्या रसाचा थेंब सोडायचा आणि त्याच्या मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी काय करतात ते मोजायचं. सुरुवातीला रस अचानक मिळतो तेव्हा पेशी जोरात पेटतात. मग दर वेळी रसाच्या आधी एक खूण द्यायची, दिवा किंवा आवाज. थोड्या दिवसांनी माकडाला कळतं की खुणेनंतर रस येतो, आणि मग पेशी खुणेला पेटतात, रस तोंडात पडतो तेव्हा ढिम्म. ठरल्यासारखा रस आला, त्यात विशेष काय! आणि खूण देऊन रस दिलाच नाही तर त्याच पेशी नेहमीपेक्षाही शांत होतात. ठोकताळा आणि प्रत्यक्ष यांच्यात जो फरक पडतो तो या पेशी सांगतात.

माकडाच्या मेंदूतल्या काही पेशींवरून थेट सिनेमागृहात उडी मारणं धाडसाचं आहे हे मला मान्य आहे, आणि हा जोड माझा आहे, शुल्ट्झचा नाही. तरी बघा, २०१८ च्या नोव्हेंबरात नव्या 'लायन किंग'चा पहिला ट्रेलर आला तो डिस्नीच्या सांगण्यानुसार २४ तासांत २२ कोटींहून जास्त वेळा बघितला गेला. तोच सूर्योदय, तोच कडा, तेच पिल्लू वर उचलणं. माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. पण तो दिवा होता. रस कधीच पिऊन झाला होता, १९९४ मध्ये.

याचा जवळजवळ प्रयोगशाळेत करावा तसा प्रयोग हॉलिवूडमध्ये होऊन गेलाय. हिचकॉकचा 'सायको' १९६० चा, आठ लाख डॉलरच्या आसपास खर्चात केलेला, आणि तो सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असं त्यानं थिएटरवाल्यांना बजावलेलं, कारण जिला आपण नायिका समजून बसलोय ती अर्ध्याच्या आत मरते, असं पडद्यावर होऊ शकतं हे तेव्हाच्या प्रेक्षकाच्या स्वप्नातही नव्हतं. १९९८ मध्ये गस व्हॅन सँटनं तो पुन्हा केला, तोच स्क्रिप्ट, तेच संगीत, बहुतेक शॉटसुद्धा तसेच्या तसे, फक्त रंगीत आणि नवे नट. खर्च सहा कोटी डॉलरच्या घरात, कमाई चारेक कोटी. प्रत्येक फ्रेम जागेवर, पण ज्याच्यासाठी त्या फ्रेम लावल्या होत्या तो धक्काच नाही.

मग कुणी म्हणेल, भाची तोच सिनेमा शंभर वेळा बघते ते? आणि शेवट माहीत असताना आपण कीर्तनात तेच आख्यान ऐकत बसतो ते? बरोबर आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या दोघा संशोधकांनी लोकांना कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून, आणि शेवट माहीत असलेल्यांना त्या कथा सरासरीनं जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही निघालं, पण एवढं नक्की की शेवट माहीत असणं म्हणजे मजा संपणं नव्हे. काय होणार याची काळजी मिटली की कसं सांगतोय याच्याकडे लक्ष जातं. बुवा आख्यान तेच लावतात पण निरूपण आजचं असतं. आणि ते "कसं"च जर जुन्यातून उचललेलं असेल तर लक्ष जायचं तरी कुठे?

म्हणून सगळे रिमेक मला एका पारड्यात टाकायचे नाहीत. 'द फ्लाय' घ्या. १९५८ च्या सिनेमात वस्तू एका जागेहून दुसरीकडे पाठवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या यंत्रात त्याच्याबरोबर माशी शिरते आणि माणसाच्या धडावर माशीचं डोकं येतं, सरळ अदलाबदल. १९८६ मध्ये डेव्हिड क्रोननबर्गनं तीच कल्पना घेतली पण तोवर डीएनए सगळ्यांच्या तोंडी झाला होता, त्यामुळे त्याच्या सिनेमात माणूस आणि माशी जनुकांच्या पातळीवर एक होतात आणि माणूस आठवड्या-आठवड्यानं बदलत जातो, नखं निखळतात, दात पडतात, शेजारी उभी असलेली बाई हे सगळं होताना बघते. राक्षसाचा सिनेमा आजारपणाचा सिनेमा झाला. बर्लाइनची ती मधली जागा म्हणतात ती हीच, ओळखीचं दार आणि आत वेगळंच घर.

पण असं करायला धीर लागतो आणि स्टुडिओकडे तो का नसतो हेही समजून घेतलं पाहिजे. आर्थर डी व्हॅनी आणि डेव्हिड वॉल्स या अर्थशास्त्रज्ञांनी दोन हजारांवर सिनेमांच्या कमाईचे आकडे तपासले तर माणसांच्या उंचीला जशी सरासरी असते तशी काही कामाची सरासरी तिथं निघतच नाही, मूठभर सिनेमे सगळं ओढून नेतात आणि ते कुठले हे आधी सांगता येत नाही, मोठा स्टार घेतला तरी. २००६ मध्ये छापून आलेल्या एका इंटरनेटवरच्या प्रयोगात तर १४,००० हून जास्त लोकांना अनोळखी बँडची तीच ४८ गाणी दिली होती पण वेगवेगळ्या गटांत विभागून, प्रत्येकाला फक्त आपल्या गटातल्यांनी काय डाउनलोड केलं ते दिसायचं. एकच गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं! अशा धंद्यात वीस कोटी डॉलर लावणारा माणूस घाबरून ओळखीचं नाव धरणार, यात मला नवल वाटत नाही.

गणितात या पेचाला जुनं नाव आहे, शोध की वापर. जे चालतंय ते वापरत राहायचं की वेळ-पैसा घालून नवीन शोधायचं? दुसऱ्या महायुद्धात या प्रश्नानं दोस्त राष्ट्रांच्या गणितज्ञांचं डोकं इतकं खाल्लं की हा प्रश्नच जर्मनीवर टाका म्हणजे त्यांचेही शास्त्रज्ञ यातच अडकतील, असं गमतीनं सुचवलं गेलं होतं. मधमाश्यांनी मात्र तो आपल्या परीनं सोडवलाय. मध गोळा करायला जाणाऱ्या बहुतेक माश्या परतलेल्या माशीचा नाच बघून सांगितलेल्या जागी जातात, पण त्यातल्या साधारण ५ ते २५ टक्के माश्या कुणाचा नाच न बघता नवीन फुलं शोधायला निघतात. त्यातल्या कितीतरी रिकाम्या हातानं येतात. तरी पोळं त्यांना पोसतं, कारण आज बहरलेलं शेत थोड्या दिवसांनी संपणार असतं.

१९९४ चा 'लायन किंग' अशीच एक शोधाला निघालेली माशी होती. 'हॅम्लेट'ची सावली त्यावर आहेच, पण जुन्या परीकथेवरून किंवा पुस्तकावरून न घेता आपली म्हणून रचलेली गोष्ट, डिस्नीच्या ॲनिमेशनमध्ये असं सहसा होत नसे. स्टुडिओत तो दुय्यम प्रोजेक्ट मानला जायचा, तेव्हाच तिथं 'पोकाहाँटस' या दुसऱ्या सिनेमाचंही काम चालू होतं आणि बऱ्याच चित्रकारांनी तेच निवडलं कारण नाव त्याचंच होणार असं सगळ्यांना वाटत होतं. ज्या गोष्टीवर २०१९ मध्ये १६० कोटी डॉलर मिळाले ती गोष्ट घरातल्यांनाच तेव्हा फारशी चालेलशी वाटली नव्हती.

आणि आता फुलंही संपत आलीत असं दिसतंय. डिस्नीचाच २०२५ चा रिमेक 'स्नो व्हाइट' जगभरात २० कोटी डॉलरच्या आसपास अडकला आणि खर्च त्याहून जास्त होता. उलट 'गेट आउट' २०१७ मध्ये ४५ लाख डॉलरमध्ये झाला, कुणाचं जुनं नाव नाही, आणि २५ कोटींच्या वर गेला. सगळेच नवे सिनेमे असे जात नाहीत, बरेच पडतात, माश्याही रिकाम्या येतातच. मधमाश्यांचा खालचा आकडा धरला तरी मोठ्या बजेटच्या वीस सिनेमांमागे एक कोरी गोष्ट हवी, वरचा धरला तर पाच. माझी भाची सोळा वर्षांची होईपर्यंत असे दोनशे तरी सिनेमे येऊन जातील, म्हणजे कमीत कमी दहा गोष्टी तिच्या वाट्याच्या, ज्या तिच्या आधी कुणाला पाठ नसतील.