लॅपटॉप स्लीपमध्ये जात नाही म्हणून दुकानात आणण्यापूर्वी

ग्राहकांस विनंती

लॅपटॉप स्लीपमध्ये जात नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांना काउंटरवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, म्हणून ती छापून द्यायचे ठरवले. लॅपटॉप आणताना तो एकटा आणू नये. घरी किंवा कार्यालयात त्याला जे जे जोडलेले असते, म्हणजे चार्जर, वायरलेस माउस, त्याचा यूएसबीत बसणारा नखाएवढा रिसीव्हर, हेडफोन, बाहेरची हार्ड डिस्क, यूएसबी हब, ते सारे सोबत आणावे. नुसता लॅपटॉप बॅगेत घालून आणला की तो आमच्या टेबलावर शहाण्या मुलासारखा झोपतो, आम्ही पावतीवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहून तो परत देतो, आणि चौथ्या दिवशी तोच लॅपटॉप पुन्हा येतो. त्या वेळी ग्राहक रागावलेले असतात आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी असतो असे आम्हाला म्हणवत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानाचा लॅपटॉप असाच तीन वेळा आला होता. पंधरा मिनिटे कोणी हात लावला नाही तर त्याने झोपावे अशी वेळ लावलेली होती, परंतु दिवाणजी सकाळी येत तेव्हा पंखा फिरतच असे आणि रात्री वीज गेली असली तर बॅटरी संपून तो बंद पडलेला असे. आमच्याकडे मात्र तो बरोबर पंधराव्या मिनिटाला झोपे. शेवटी एका संध्याकाळी आम्हीच यार्डात गेलो, तेव्हा कळले की टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा सगळा डेटा याच लॅपटॉपवर ठेवलेला असून नेटवर्कवरून आणखी दोन संगणक तो वापरतात, आणि त्यांपैकी एका संगणकावर कारकून टॅली तशीच उघडी ठेवून घरी जातो. दुसरा संगणक सारखी फाइल मागत राहिला तर देणारा झोपणार कसा? विंडोजला तपासणीची एक आज्ञा (कमांड) लिहून दिली, तेव्हा तिने पडद्यावर नेमके तेच दाखवले. दुरुस्ती अशी काही करावी लागली नाही. घरी जाताना टॅली बंद करावी, एवढेच सांगून आलो आणि येण्याजाण्याचे शुल्क घेतले. नुसते सांगण्याचे पैसे घेतलेले दिवाणजींना पटले नसावेत, पण त्यानंतर तो लॅपटॉप या तक्रारीसाठी आलेला नाही.

ती आज्ञा आपणही घरी देऊ शकता. या पत्रकाच्या मागील बाजूस अशा चार आज्ञा इंग्रजी अक्षरांत, विंडोजला लागतात तशा, छापल्या आहेत. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून, येणाऱ्या नावावर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे आणि पहिली आज्ञा जशीच्या तशी लिहावी. लॅपटॉपला जागे ठेवणारा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर (एखादे उपकरण चालवणारा विंडोजमधील छोटा प्रोग्रॅम) त्या क्षणी कोणता आहे, हे ती सांगते. बहुधा ध्वनीच्या ड्रायव्हरचे नाव येते, कारण ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये काहीतरी वाजत राहिलेले असते किंवा मीटिंगचा प्रोग्रॅम नीट बंद झालेला नसतो. प्रत्येक मथळ्याखाली ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, असेल तर त्या क्षणी कोणी अडवत नाही असे समजावे. त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून आणल्यास आमचा अर्धा तास वाचतो.

‘स्लीप होत नाही’ या एकाच वाक्यात ग्राहक तीन वेगवेगळ्या तक्रारी सांगतात. आपोआप झोपतच नाही, ही पहिली. तिच्याबद्दल वर लिहिले. झोपतो पण मध्येच उठतो, ही दुसरी. आणि झाकण मिटून बॅगेत ठेवला तरी गरम होतो किंवा त्याची बॅटरी संपते, ही तिसरी. आपली तक्रार यांपैकी कोणती, हे एक रात्र पाहून ठरवून यावे.

मध्येच उठणाऱ्या लॅपटॉपला कोणी उठवले, हे मागील बाजूची दुसरी आज्ञा सांगते. पुष्कळदा तो माउस असतो. हमरस्त्यावर घर असलेल्या एका ग्राहकांचा लॅपटॉप गळिताच्या हंगामातच रात्री उठत असे. उसाने भरलेली ट्रॉली गेली की टेबल थरथरे, माउस केसभर हले आणि पडदा उजळे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या माउसच्या प्रॉपर्टीजमधील पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, या उपकरणाला संगणक उठवू देण्याची जी टिक असते ती काढली की प्रश्न मिटतो. काही नव्या लॅपटॉपवर ते पानच दिसत नाही; तेथे झोपताना माउसच्या पोटाखालचे बटण बंद करावे. उठण्याची वेळ रोज रात्री दोनच्या सुमाराची असेल, तर विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात दोन वाजता लावलेली असते हे लक्षात घ्यावे आणि पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वेक टायमर्स’, म्हणजे ठरल्या वेळी उठवणारे गजर, बंद करून पाहावेत.

झाकण मिटूनही काहीच होत नसेल, तर प्रथम पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय व्हावे याचे उत्तर ‘स्लीप’ आहे ना, हे बॅटरी आणि चार्जर अशा दोन्ही रकान्यांत पाहावे. ते बरोबर असेल आणि लॅपटॉपचे हिंजेस किंवा वरचे पॅनेल अलीकडे बदललेले असेल, तर ते आम्हाला आवर्जून सांगावे. बहुतेक लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्याची खूण एका चुंबकाने पटते. तुरीच्या डाळीएवढा चुंबक पडद्याच्या कडेत असतो आणि त्याला ओळखणारा सेन्सर कीबोर्डच्या बाजूला. पॅनेल बदलताना तो चुंबक जुन्या पॅनेलमध्येच राहून जातो आणि जुने पॅनेल भंगारात जाते. आम्ही एक छोटा चुंबक कीबोर्डच्या कडेने हळूहळू सरकवत नेतो. एका जागी पडदा विझला की सेन्सर चांगला आहे असे कळते आणि काम चुंबक चिकटवण्यावर भागते. यासाठी मदरबोर्ड बदलावा लागेल असे कोणी सांगितले असेल, तर पैसे देण्यापूर्वी एकदा आम्हाला दाखवावे.

बॅगेत गरम होणाऱ्या लॅपटॉपची गोष्ट निराळी आहे, आणि तेथे दोष लॅपटॉपचा असतोच असे नाही. जुन्या पद्धतीच्या स्लीपमध्ये रॅम तेवढी जागी राही आणि बाकीचे जवळजवळ सारे बंद होई. 2012 साली विंडोज 8 बरोबर दुसरी पद्धत आली आणि 2015 च्या विंडोज 10 पासून ती ‘मॉडर्न स्टँडबाय’ या नावाने रुळली; तिच्यात लॅपटॉप पडदा बंद केलेल्या मोबाइलसारखा राहतो आणि मधूनमधून जागा होऊन आपली कामे उरकतो. आपल्या लॅपटॉपवर कोणती पद्धत आहे, ते तिसरी आज्ञा सांगते. व्हिडिओ पाहून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, बदल करून जुनी पद्धत परत आणण्याचा प्रयत्न कृपया करू नये. कंपनीने ती ज्या मॉडेलमध्ये ठेवलेलीच नाही तेथे ती अशाने येत नाही. उलट झोपलेला लॅपटॉप उठेनासा होतो. पुण्याला एसटीने जायचे असेल तर स्लीपऐवजी हायबरनेट करावे, म्हणजे उघडे काम डिस्कवर जपून लॅपटॉप बंद होतो; पंख्याचा आवाज थांबला आणि दिवा विझला की मगच बॅगेची चेन लावावी. सी ड्राइव्हवर जागा व्हावी म्हणून हायबरनेट बंद करून घेणारे ग्राहक पुष्कळ आहेत. त्यांची बॅटरी बॅगेत पार संपते, कारण बॅटरी उतरू लागली की हायबरनेटमध्ये जाण्याची जी सोय विंडोजला असते तीच उरत नाही. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क आहे, त्यांना हायबरनेटमधून उठायला लागणारा वेळ नकोसा वाटतो. एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) बसवल्यास तो फारसा जाणवत नाही. हे विक्रीसाठी लिहिले आहे असे वाटेल, आणि एसएसडी आम्ही विकतो हे खरेच आहे.

‘मी तर रोज बंद करतो’ असे सांगणाऱ्या ग्राहकांच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावरचा ‘अप टाइम’ पाहिला तर तेथे एकोणीस दिवस दिसतात. ते खोटे बोलत नसतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. रिस्टार्ट केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. म्हणून आमच्याकडे येण्यापूर्वी एकदा रिस्टार्ट जरूर करावे. फॉरमॅट मात्र मारू नये. लॅपटॉप केव्हा झोपला, केव्हा आणि कशाने उठला, याची नोंद विंडोज ठेवते. चौथ्या आज्ञेने मिळणारा अहवाल सहसा मागील तीन दिवसांचा असतो आणि मागितल्यास अठ्ठावीस दिवसांपर्यंतचा मिळतो. फॉरमॅटबरोबर ती नोंद पुसली जाते, आणि मग आम्हालाही आपल्यासारखेच नव्या दोषाची वाट पाहत बसावे लागते.

हे काम बसल्या बसल्या का होत नाही, असे विचारले जाते. पडदा किंवा कीबोर्ड बदलला की तो चालतो की नाही हे लगेच दिसते. पहाटे उठणारा लॅपटॉप पहाटेच उठतो. म्हणून आम्ही तो दोन रात्री ठेवून घेतो, एक रात्र आपल्या सगळ्या उपकरणांसह आणि एक रात्र त्यांच्याशिवाय, आणि सकाळी दोन्ही नोंदी ताडून पाहतो. तपासणी शुल्क या दोन रात्रींचे आहे. पुढे दुरुस्ती आमच्याकडे केल्यास ते बिलातून वजा होते. लॅपटॉप ठेवताना पिन किंवा पासवर्ड लिहून द्यावा, अन्यथा तपासणी पहिल्याच पडद्यावर थांबते. नेटवर्कवर टॅली चालवणाऱ्या कार्यालयांनी लॅपटॉप आणण्याऐवजी सायंकाळी सहानंतरची वेळ ठरवून आम्हाला बोलवावे. सांगली, मिरज आणि कुपवाड येथे आम्ही स्वतः येतो.