लॅपलँड आधी, हेलसिंकी शेवटी

वरुड-मोर्शीकडे कुणाची संत्र्याची बाग लगडलेली दिसली, की धुऱ्यावरून पहिला प्रश्न येतो, "यंदा काय टाकलं बाप्पा?" कलम कधी लावलं, जमीन कशी होती, हे कुणी विचारत नाही. झाड फळावर यायलाच पाच-सहा वर्षं जातात. देशोदेशीच्या शाळांची तुलना करताना आपलंही असंच होतं.

'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००० साली पहिल्यांदा झाली. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना वाचन, गणित, विज्ञान कितपत वापरता येतं, हे ती बघते. वाचनात फिनलंड पहिला आला आणि जगभरातून लोक तिथल्या शाळा बघायला निघाले. गृहपाठ कमी, परीक्षा कमी, पहिली सातव्या वर्षी, एवढं वहीत टिपून परतले. पण चाचणीला बसलेली पोरं १९९१च्या सुमारास पहिलीत गेली होती. शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागू लागली ती १९७९पासून. आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना नऊ वर्षं एकच शाळा, हा मूळ बदल १९७२ ते १९७७ या काळातला. म्हणजे पाहुण्यांनी बघितलं ते यंदाचं खत. त्यातही गंमत अशी, की २००६मध्ये गणितात ५४८ असलेले फिनलंडचे गुण २०२२मध्ये ४८४वर आले. का, यावर त्यांचंच एकमत नाही.

दुसरी मेख मोजण्यातच आहे. पिसा शाळेत नाव असलेल्यांनाच मोजते. पंधराव्या वर्षाआधी शाळा सोडून कापूस वेचायला लागलेली पोरगी त्या हिशेबात येतच नाही. २००९च्या फेरीत आपल्याकडून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले, तळाशी राहिले आणि त्यानंतर भारत लांबच राहिला. त्यापेक्षा गावात घरोघरी जाऊन मुलाच्या हाती दुसरीचा उतारा देणारं 'असर' सर्वेक्षण मला जास्त कामाचं वाटतं. २०२४मध्ये ग्रामीण भारतात पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना तो वाचता आला.

फिनलंडकडून घ्यायचंच, तर मी एक गोष्ट घेईन. ती एकच शाळा त्यांनी राजधानीत सुरू केली नाही. आधी लॅपलँड, पार उत्तरेचा, विरळ वस्तीचा मुलूख. तिथून दक्षिणेकडे सरकत हेलसिंकीला पोचायला १९७७ उजाडलं. आपल्या हिशेबात म्हणजे आधी मेळघाटातलं धारणी, जिथं पोर घरी कोरकू बोलतं आणि पुस्तक मराठीत उघडतं. मग अमरावती, आणि मुंबई-पुणे सगळ्यात शेवटी.