गिटारमधला हम बॅटरीमुळे जात नाही

इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्याला ‘ॲक्टिव्ह पिकअप घ्या, त्यात बॅटरी असते, म्हणून हम येत नाही’ असा सल्ला सर्रास मिळतो. हम म्हणजे स्पीकरमधून येणारी सततची गुणगुण. या वाक्यातला ‘म्हणून’ चुकीचा आहे. हम जातो तो तारेच्या वेटोळ्यांच्या मांडणीमुळे, आणि ही मांडणी बॅटरी नसलेल्या पॅसिव्ह पिकअपमध्येही तितकीच उत्तम असू शकते.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची अतिशय बारीक तार. फेंडर कंपनीच्या 1954 च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमधील सिंगल कॉइल (एकच वेटोळे असलेल्या) पिकअपमध्ये असे सुमारे आठ हजार वेढे असतात. वरची गिटारची पोलादी तार चुंबकित होते, ती छेडली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि शाळेत शिकलेल्या फॅराडेच्या नियमानुसार विद्युतदाब निर्माण होतो. मात्र ते क्षेत्र तारेने बदलले की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरने, हे वेटोळ्याला ओळखता येत नाही. आपल्याकडील वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने ते कंपन आणि त्याच्या पटीतील कंपने ॲम्प्लिफायरमधून घुमू लागतात. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवल्याने विद्युत क्षेत्र अडते, चुंबकीय क्षेत्र अडत नाही. 50 हर्ट्झचे क्षेत्र तांब्यात सुमारे 9 मिलिमीटर खोलवर शिरते, तिथे कागदासारख्या पातळ पट्टीचा काय टिकाव लागणार? केबल जोडायच्या जॅकला सोन्याचा मुलामा दिल्याने हम कमी होतो, या जाहिरातीलाही आधार नाही. सोने फक्त गंज टाळते.

यावरचा अत्यंत देखणा उपाय गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये पेटंटसाठी सादर केला. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली आणि एक दुसऱ्याच्या उलट जोडले. बाहेरून येणारे क्षेत्र दोन्ही वेटोळ्यांत जवळजवळ सारखेच असते, त्यामुळे उलट जोडणीत एकाचा हम दुसऱ्याच्या हममधून वजा होतो. पण मग तारेचा सूरही वजा व्हायला हवा. तो होत नाही, कारण लव्हर यांनी दुसऱ्या वेटोळ्याला चुंबकाचा उलटा ध्रुव दिला. तारेचे चुंबकत्व त्या चुंबकामुळेच येते. ध्रुव उलटले की तारेपासून मिळणाऱ्या विद्युतदाबाचे चिन्ह उलटते, आणि उलट जोडणीमुळे ते पुन्हा एकदा उलटते. दोन उणे मिळून अधिक होतात आणि सूर जोडला जातो. हमला चुंबकाशी काही देणेघेणे नसल्याने त्याचे चिन्ह एकदाच उलटते. हाच हमबकर, आणि त्यात बॅटरीचा पत्ताही नाही.

सिंगल कॉइलच्या आकारात हेच साधायचे म्हणून ‘नॉइजलेस’ पिकअपमध्ये बहुधा वेटोळी एकावर एक रचतात. येथे चुंबक सामाईक असतो, त्यामुळे खालचे वेटोळे हमबरोबर थोडा सूरही वजा करते. ती घट भरून काढण्यासाठी वेढे वाढवले की आवाजातली वरची चमक कमी होते.

आता बॅटरीकडे वळू. ॲक्टिव्ह पिकअपमध्ये वेढे कमी असतात, पण वेढे कमी केल्याने सूर आणि हम एकाच प्रमाणात घटतात आणि आतील प्रीॲम्प (संकेत वाढवणारे छोटे सर्किट) दोघांनाही सारखेच वाढवतो. म्हणूनच ईएमजी कंपनीच्या प्रसिद्ध 81 या ॲक्टिव्ह पिकअपमध्येही हम घालवण्यासाठी दोन वेटोळीच आहेत. 9 व्होल्टच्या बॅटरीचे खरे काम केबलशी संबंधित आहे. सिंगल कॉइलचे प्रवर्तन साधारण 2.5 हेन्री आणि पाच मीटर केबलची धारकता 500 पिकोफॅरड धरली, तर दोघांचे अनुस्पंदन (ज्या कंप्रतेला प्रतिसाद सर्वाधिक असतो ती) सुमारे 4,500 हर्ट्झला येते. केबल दहा मीटर केली की ते सुमारे 3,200 पर्यंत खाली येते आणि सूर मंद वाटू लागतो. प्रीॲम्प वेटोळे आणि केबल यांना एकमेकांपासून अलग करतो, शिवाय त्याचा इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) कमी असल्याने केबलमध्ये शिरणारा काही गोंगाटही घटतो. बॅटरी संपली की मात्र आवाज फाटतो आणि मग बंद पडतो.

‘नॉइजलेस’ हा शब्द मात्र पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह या दोन्ही प्रकारांना अक्षरशः लागू पडत नाही. वेटोळ्याच्या तांब्याच्या तारेतील इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे येणारी बारीक सळसळ प्रत्येक वेटोळ्यात स्वतंत्र आणि यादृच्छिक असते, त्यामुळे उलट जोडणीने ती वजा होत नाही. सारख्या दोन वेटोळ्यांत सूर जवळपास दुप्पट होतो, तर ती सुमारे 1.4 पट वाढते.